एरियलवरचा रुमाल

१

दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की अलीमियाँ चहाचा कप घेऊन माडीवर जात आणि समुद्राला हाक मारत.

यात अतिशयोक्ती काही नाही. मच्छीमार सोसायटीला किनाऱ्यावरचा वायरलेस सेट ठेवायला जागा हवी होती, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या. घर उंचावर हवं आणि माणूस बोलका हवा. बोर्ली पंचतनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या चढावर अलीमियाँचं घर, गच्चीतून खाडीचं तोंड दिसे. बोलकेपणाचं म्हणाल, तर एकदा सुरतेचा एक व्यापारी त्यांच्या दुकानात सुके बोंबील बघायला आला आणि सुपारीची दोन पोती, शेकडाभर नारळ आणि एक जुनं शिलाई मशीन घेऊन गेला. बोंबील बघायचे राहूनच गेले. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अलीमियाँ चार भाषांत भाव करत आणि पाचव्या भाषेत गप्प बसत. ही पाचवी भाषा त्यांच्या वडिलांनी शिकवलेली.

वडील आंब्याचे आणि सुपारीचे दलाल. मुंबईच्या मोठ्या बाजारात त्या काळी भाव तोंडानं बोलत नसत. दोघं समोरासमोर उभे राहायचे, हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट, दोन बोटं, चार बोटं, तोच भाव. नको असेल तर समोरच्याची बोटं हळूच मिटवायची. पटलं तर सगळा पंजा घट्ट दाबायचा, म्हणजे सौदा पक्का. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. वडील सांगत, "अली, रुमालाकडे बघू नको, माणसाच्या तोंडाकडे बघ. आणि दुसऱ्याच्या रुमालाखाली हात घातलास, की तू त्याच्या दुकानात उभा आहेस हे विसरू नको."

तो रिवाज आता मोडत आला. वडिलांचा लाल चौकटीचा रुमाल मात्र अलीमियाँनी जपला होता. सेटवर धूळ बसू नये म्हणून तो त्यावर पांघरलेला असे.

रोज तो रुमाल काढायचा, बटण दाबायचं आणि म्हणायचं, "किनारा बोलतोय, किनारा बोलतोय." मग एकेका होडीचं नाव घ्यायचं. तिकडून होडीचा म्होरक्या, तांडेल, ओरडे, "हाय मियाँसाब, हाय!" काय मिळालं, किती मिळालं, बर्फ किती लागेल, सगळं सांगे. होडी धक्क्याला लागेपर्यंत अलीमियाँचा टेम्पो बर्फ घेऊन हजर. सगळ्यांत शेवटी ते 'यशरा'ला हाक मारत. होडीला नातीचं नाव, तांडेल धर्माजी, आणि इंजिनवर त्यांचा एकुलता एक मुलगा मुसअब, कुवेतची नोकरी सोडून घरी आलेला. ताटातलं गोड माणूस शेवटी ठेवतं, तसं ते हे नाव शेवटी ठेवत.

२

त्या दिवशी दुपारीच इशारा आला. संध्याकाळनंतर खोल समुद्रात वारा सुटणार, सगळ्या होड्यांनी बंदर गाठावं. बहुतेक होड्या जवळच होत्या. त्यांना मोबाइलवरच कळलं आणि त्या परत फिरल्या. 'यशरा' मात्र पापलेटाच्या मागे पार लांब गेली होती. तिथे फोन पोहोचत नाही. तिथे पोहोचते ती फक्त अलीमियाँची हाक.

त्यांनी चहाची वाट पाहिली नाही. माडीवर जाऊन रुमाल काढला, बटण दाबलं.

"किनारा बोलतोय. यशरा, यशरा. धर्माजी, ऐकतोस का?"

सेटमधून नुसती खरखर. दिवा लागलेला होता, वीजही होती. त्यांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा तीच खरखर. पण खरखर ऐकून ऐकून अलीमियाँचे कान तयार झाले होते. रोजची खरखर रिकामी असे, ओसाड माळासारखी. आजच्या खरखरीत गर्दी होती. सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी बाजारात जशी कुजबुज असते, सगळे आलेले, कुणी बोलत नाही आणि तरी आवाज असतो, तशी.

"एरियलला काहीतरी झालंय," अलीमियाँ स्वतःशीच म्हणाले आणि गच्चीत गेले.

एरियल म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ उभा केलेला लोखंडी पाइप. त्याच्या टोकाला आभाळाकडे गेलेली एक काडी आणि तिच्या बुडाशी चार दिशांना पसरलेल्या चार आडव्या काड्या. शेजारच्या देवदत्तनं बसवून दिलेला. त्या चार काड्यांवर एक फडकं पडलं होतं.

राखी रंगाचं, चौकोनी. कुठे गुंतलेलं नाही, फाटलेलं नाही. चारी टोकं सारखी खाली सोडलेली, कुणीतरी हातानं नीट पांघरल्यासारखी.

"गुलबानू!" त्यांनी कठड्यावरून हाक दिली. "तुझं काही वाळत घातलेलं उडालंय का गो?"

खाली अंगणात त्यांची बायको मिरच्या उलट्यापालट्या करत होती. "माझं कायबी उडत नाही. उडतात ते तुमचे पैसे, त्या टेम्पोत."

"अगो, रुमाल आहे. राखी."

"आपल्याकडे राखी रुमाल कुणाचा हाय? समुद्रावरनं आला असेल."

अलीमियाँनी बोट ओलं करून वर धरलं. सकाळपासून वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहत होता. समुद्रावरून काही यायचं तर ते वाऱ्याच्या तोंडावर चालत यायला हवं होतं.

आणि रुमाल ओला होता. ऑक्टोबरच्या उन्हात गच्ची तव्यासारखी तापलेली, पापड दोन घटकांत कडकडीत व्हावा अशी. रुमालाच्या चारी टोकांवरून मात्र पाणी ठिबकत होतं. थेंब सुटताना दिसायचा, खाली येताना दिसायचा.

खाली गच्ची कोरडी होती.

३

अलीमियाँ घाबरट नव्हते. व्यापारात घाबरट माणूस तीन महिन्यांत उठतो. ते म्हणाले, उष्णता आहे, थेंब वाटेतच वाळत असेल. कारण ठीकठाक होतं. पटलं नाही, पण सध्या चालण्यासारखं होतं. खोट्या नाण्यासारखं त्यांनी ते खिशात टाकलं आणि आंबे काढायची आकडी आणली. लांब बांबू, टोकाला लोखंडी हूक.

हूक रुमालाच्या कडेत अडकवून त्यांनी ओढलं.

रुमाल आला नाही. ताणला गेला आणि थांबला. अडकलेलं कापड ओढलं की कुठेतरी टरकतं, कुठेतरी सुटतं, ओढणाऱ्याच्या हाताला ते कळतं. इथे तसं काही नव्हतं. आतून कुणीतरी तेवढ्याच जोरानं धरून ठेवलं होतं, एका मापानं जास्त नाही, एका मापानं कमी नाही. अलीमियाँनी जोर वाढवला, तिकडचा जोर वाढला. त्यांनी सैल सोडलं, तिकडूनही सैल झालं.

मग आकडीला एक हलकासा झटका बसला. पुढचं बोला, असं म्हणणारा.

अलीमियाँनी बांबू सोडून दिला. माडीवर सेट चालूच होता. दारातून त्यातली कुजबुज ऐकू आली आणि ती एकदम थांबली. लिलावाची घंटा वाजल्यावर थांबते, अगदी तशी.

त्यांनी फोन काढला. "देवदत्ता, शिडी घेऊन ये. लगेच. एरियल बिघडलाय आणि मुसअब बाहेर आहे."

४

देवदत्त म्हणजे पलीकडच्या सुपारीच्या वाडीचा मालक, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. दोघं लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकले आणि तेव्हापासून एकमेकांना बुडवायची संधी शोधत होते.

"मियाँ, तुला कितीदा सांगितलं, कावळ्यांना भाकरी टाकू नको," अॅल्युमिनियमची शिडी पाइपला टेकवत देवदत्त म्हणाला. "ते घरटी बांधतात, आणि मग मी चढायचं. साठीला आलेला माणूस मी."

"कावळा नाही, रुमाल आहे. वर बघ."

"मग काय, तुझ्या एखाद्या गिऱ्हाईकानं फेकला असेल रागानं." त्यानं वर पाहिलं. "ओलं कापड काड्यांवर पडलंय, सगळी शक्ती त्यातच जिरतेय. काढलं की झालं. दोन मिनिटांचं काम."

"देवदत्ता, तो ओढून येत नाही."

"तू ओढलास म्हणून. तू आयुष्यात कुठली गोष्ट ओढलीस आणि ती कमी भावात आली नाही?" असं म्हणत तो चढला. शिडी अलीमियाँनी धरली. वर देवदत्तनं एका हातानं पाइप धरला आणि दुसरा हात खालून रुमालाच्या आत घातला, गाठ कुठे आहे ते चाचपायला.

आणि तो थांबला.

मासळी बाजारात एखाद्या बाईनं ओळखीचं गाणं ऐकून थबकावं तसा थबकला. चेहऱ्यावर भीती नव्हती. आश्चर्य होतं. मग त्याचे खांदे आकसले, त्यानं एकदा जोरात काहीतरी आवळल्यासारखं केलं आणि हात बाहेर खेचून घेतला. तीन पायऱ्या एकदम उतरला. शिडी करकरली.

"काय झालं?"

देवदत्त आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. हात मनगटापर्यंत ओला होता. बोटांची टोकं सुरकुतलेली, रात्रभर पाण्यात राहिल्यासारखी.

"मियाँ, आत हात आहे."

"कुणाचा?"

"कुणाचा काय विचारतोस? हात आहे. माझी दोन बोटं धरली त्यानं." त्यानं तर्जनी आणि मधलं बोट वर केलं. "ही दोन. दाबली आणि थांबला. वाट बघत राहिला. माझी घाबरगुंडी उडाली, मी सुटायला म्हणून त्याचा सगळा पंजा घट्ट दाबला, पिळलाच म्हण. तेव्हा सोडलं."

अलीमियाँनी शिडी आणखी घट्ट धरली.

"सगळा पंजा दाबलास?"

"मग काय करू? पुढे हलवू?"

"देवदत्ता," अलीमियाँ हळूच म्हणाले, "तू सौदा पक्का केलास."

"कसला सौदा? कशाचा?"

हे अलीमियाँनाही कळलं नव्हतं. दोन एवढंच कळलं होतं. दोन काय, ते अजून कळायचं होतं.

५

ते सेटनं सांगितलं.

माडीतून अचानक आवाज आला, खणखणीत, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. "मियाँसाब! किनारा! कुणी हाय का रं?"

धर्माजी! अलीमियाँ धावले. चपला गच्चीतच राहिल्या.

"किनारा बोलतोय. धर्माजी, वारा सुटणार आहे, परत फिर! आत्ताच्या आत्ता!"

"फिरलो आसतो मियाँसाब, पन पोरं..." धर्माजीचा आवाज चिरकला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, वादळात तंबाखू मळणारा. "पानी एकदम गप पडलंय. तेलावानी. आनि तुमचा मुसअब नि भागुबाईचा साहिल, दोगं कडेला जाऊन बसलेत. हात पान्यात घालून. कोपरापातूर. हाका मारतोय, उठत न्हायत. वढलं तरी येत न्हायत. हसत न्हायत, रडत न्हायत, नुसते समोर बघतात. मियाँसाब, मी सुक्कानू सोडून त्यांना धरू का होडी धरू?"

"बाकीच्यांना धरायला सांग! कंबरेला दोर बांध दोघांच्या!"

"बांधलाय. दोर ताठ होतोय."

मग पुन्हा खरखर. या वेळी खरखरीतली गर्दी पांगत होती. सौदा झाला, आता माल उचलायचा, असा आवाज.

देवदत्त दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मियाँ," तो म्हणाला. मुसअबला सायकल त्यानंच शिकवली होती.

अलीमियाँनी माइक खाली ठेवला. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, उष्माघात आहे, पोरांना ऊन लागलंय, देवदत्तच्या हाताला ओलं कापड गुंडाळलं गेलं, बाकी भास. दुसरा काही म्हणत नव्हता. दुसरा व्यापारी होता आणि हिशेब बघत होता. वर दोन बोटं, तिकडे दोन पोरं.

आणि मग त्या व्यापाऱ्यालाच एक गोष्ट दिसली.

"देवदत्ता, माल कुणाचा?"

"काय?"

"मुलगा माझा. घर माझं, एरियल माझ्या घरावरचा. तू कोण? तू शेजारी. बाजारात शेजाऱ्यानं हात दाबला म्हणून माल विकला जात नाही. मालकाचा हात लागल्याशिवाय सौदा नाही."

"मियाँ, तू वर जाणार नाहीस."

"आणि मी त्याच्या रुमालाखाली हात घालणार नाही," अलीमियाँ म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा वडिलांचा लाल चौकटीचा रुमाल उचलला. "माझ्या."

६

शिडी देवदत्तनं धरली. गुलबानू जिन्यात येऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते, ती दुवा पढत होती.

वर पोचल्यावर अलीमियाँनी बिस्मिल्लाह म्हटलं आणि लाल रुमाल झटकून त्या राखी रुमालावर पसरला. चारी टोकं नीट केली. दुकान मांडताना सतरंजी नीट करतात तशी. मग हात त्या लाल रुमालाखाली घातला.

आत विहिरीतली हवा होती. थोडा वेळ काहीच नाही.

मग तो हात आला. मऊ, गार आणि अजिबात घाईत नसलेला. अलीमियाँना भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तिच्या आधी एक जुना आदर वाटून गेला. आयुष्यात हजार हात धरले होते, त्यांत असे दोन-तीनच. ज्यांना कळतं की थांबणाऱ्याचा भाव चढतो.

त्यांची मान सवयीनं समोर वळली, समोरच्याचं तोंड बघायला. समोर एरियलची काडी आणि आभाळ. मग त्यांनी नजर सरळ समुद्रावर लावली, खाडीच्या तोंडापलीकडे.

दोन बोटं दाबली गेली.

अलीमियाँनी ती बोटं शोधून एकेक करून मिटवली. नको. तो सौदा मालकाचा नव्हता.

तिकडे थोडा विचार झाला. तो विचार त्यांना तळव्यावर जाणवला, पाण्यात मासा वळावा तसा. मग एकच बोट दाबलं गेलं. अलीमियाँचं तर्जनीचं बोट सोडून दिलेलं, मधलं धरलेलं. हे सोडलं, ते दे. आणि कुठलं बोट कोण, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तुझा पोरगा तू घेऊन जा, दुसरा दे.

भाव निम्म्यावर आला होता. एका झटक्यात. कुठल्याही दलालानं तिथल्या तिथे पंजा दाबला असता. अलीमियाँचा पंजाही आवळायला लागला, स्वतःहून, जन्माची सवय. मुसअब रात्री घरी जेवायला बसेल. आणि उद्या सकाळी साहिलची आई भागुबाई रोजच्यासारखी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाटी टेकवेल, घाम पुसेल आणि म्हणेल, "मियाँसाब, थंड पानी द्या वाइच." आणि ते तिला पाणी देतील. कुठल्या हातानं?

त्यांनी ते बोटही मिटवलं.

मग तो हात उघडला. बोटं आली. भाव चढवायला लागला. हे देतो, एवढं देतो. एक, दोन, चार, पाच. पाचावर थांबायला हवं होतं. थांबलं नाही. पाचानंतरचं बोट आलं, त्यानंतरचं आलं, एकावर एक, त्यांच्या तळव्यात मावेनात, मनगटाशी सरकली, प्रत्येकाला जिथे नको तिथे एक सांधा जास्त. जाळी भरून घे, होड्या भरून घे, बंदर भरून घे. अलीमियाँच्या डोक्यात चांदीसारखी चमकणारी मासळी ओतली जात होती. त्यांनी मोजणं सोडून दिलं. मोजत राहिलेला माणूस संपला, हे त्यांना उमगलं होतं.

नजर समुद्रावरच होती, म्हणून त्यांना ते दिसलं. खाडीपलीकडे, जिथे पाणी तेलासारखं गप पडलं होतं, तिथे पाण्याला एक घडी पडली. लाट नव्हती. लाट सरकते. ही घडी जागच्या जागी उचलली गेली, कापडाखाली मूठ वळावी तशी, आणि तिच्या माथ्यावर उंचवट्यांची रांग उमटली. बोटांच्या पेरांसारखी. ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.

म्हणजे रुमाल फक्त इथेच नव्हता.

"शेठ," अलीमियाँ मोठ्यानं म्हणाले. रुमालाखालच्या सौद्यात बोलत नाहीत, पण आता सौदा नव्हता. "माल विकायचा नाही. एकही नाही. दुकान माझं आहे आणि मी ते बंद करतोय."

बाजारात हाच एक कायदा असतो आणि तो सगळ्यांना पाळावा लागतो. रुमालाचा मालक रुमाल उचलतो, तेव्हा हात काढून घ्यायचा. त्यांनी डाव्या हातानं दोन्ही रुमालांची टोकं एकत्र मुठीत धरली आणि अंगातला सगळा जोर लावून खेचली.

क्षणभर काहीच हललं नाही. मनगटावरची बोटं आवळली. मग सुटली, एकेक करून, शेवटच्या गिऱ्हाइकानं नाइलाजानं पायरी उतरावी तशी. कापड सपकन वर आलं.

रुमालाखाली काय होतं ते अलीमियाँनी पाहिलं नाही. वडिलांनी सांगितलेलं त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. खालून शिडी धरलेल्या देवदत्तनं मात्र पाहिलं. काय पाहिलं ते तो आजवर बोललेला नाही. तेव्हापासून तो कुणाशी हात मिळवत नाही एवढंच. लांबूनच नमस्कार करतो.

मुठीत एकच रुमाल होता, लाल चौकटीचा. कोरडा ठणठणीत.

माडीत सेट ओरडला, "उठले! मियाँसाब, उठले! दोगंबी एका टायमाला! हात भाईर आले आनि पोरं मागं पडली धाडदिशी. फिरतोय मी, फिरतोय!"

आणि त्याच्यामागून दुसरा आवाज, खोल, झोपेतून उठल्यासारखा. "अब्बा?"

७

वारा सुटला तो सूर्य बुडताना, मगरिबच्या अजानबरोबर. त्याच्या अगदी पुढे, पळणाऱ्या कोंबडीसारखी, 'यशरा' खाडीत शिरली. धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. भागुबाईनं साहिलला आधी दोन धपाटे घातले, मग मिठी मारली, मग पुन्हा एक धपाटा घातला. धर्माजीनं सुकाणूवरून हात काढला तेव्हा त्याची बोटं सरळ होईनात. अलीमियाँनी त्याला टेम्पोत बसवलं आणि स्वतः तंबाखू मळून दिली. जन्मात तंबाखूला हात न लावणाऱ्या माणसानं.

"किती पापलेट?" कुणीतरी विचारलं.

"एक न्हाय," धर्माजी म्हणाला. "जाळी कोरी. आनि देवाचे उपकार."

"कोरी जाळी घेऊन आलास, त्यासाठी बर्फाचा टेम्पो!" अलीमियाँ ओरडले. "नुकसान भरून कोण देणार?" आणि इतके हसले की धक्का हसला. गावाला वाटलं, म्हातारा मुलाच्या आनंदानं हसतोय. ते खरंच होतं. पण त्या हसण्यात आणखी एक गोष्ट होती. त्या दिवशी अलीमियाँ आयुष्यातला सगळ्यांत मोठा भाव नाकारून आले होते आणि फायद्यात होते.

घरी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं सालन वाट बघत होतं. मुसअबला काहीच आठवत नव्हतं. "पाण्यात काहीतरी चमकलं म्हणून हात घातला," तो म्हणाला. "मग धर्माजीकाका शिव्या देताना ऐकू आले." त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा, सुरकुतलेला. अलीमियाँनी टॉवेल घेतला, तो हात मांडीवर ओढला आणि पुसायला लागले. पुसता पुसता, टॉवेलखाली, ते एकेक बोट चाचपत होते. प्रत्येकाचे सांधे सुद्धा.

"अब्बा, काय करताय?"

"काही नाही. पाच आहेत."

गुलबानूनं भाकरी वाढता वाढता डोळे पुसले. "जन्माला आला तवाबी असंच मोजलं होतंत," ती म्हणाली. "तवा तरी उजेडात मोजलं होतंत."

८

वारा ओसरल्यावर होड्या पुन्हा गेल्या. मुसअबही गेला. अलीमियाँनी अडवलं नाही. समुद्राशी व्यवहार बंद करून किनाऱ्यावर कोण जगलं आहे?

असरची नमाज झाली. ते चहाचा कप घेऊन माडीवर गेले. गच्चीत डोकावले. एरियल मोकळा, चार काड्या उन्हात चमकत होत्या. त्यांनी लाल रुमाल काढला आणि बटण दाबलं.

"किनारा बोलतोय, किनारा बोलतोय."

एकेक नाव घेतलं, एकेक आवाज आला. कुणाला बांगडा, कुणाला कोळंबी, बर्फ किती, टेम्पो कधी. शेवटी, गोड शेवटी ठेवावं तसं, ते म्हणाले, "यशरा, यशरा."

"हाय अब्बा, हाय!" या वेळी माइक मुसअबनंच घेतला होता. "पापलेट आहे. बर्फ जास्त पाठवा. आणि अम्मीला सांगा, भूक लागलीये."

"सांगतो रे, सांगतो."

सगळी नावं संपली. अलीमियाँनी बटण सोडलं. पण सेट गप्प झाला नाही. तिकडे कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. बोलत नव्हतं. मागे गर्दी नव्हती, खरखर नव्हती. एकच कुणीतरी होतं, घाईत नसलेलं, आपलं नाव कधी घेतलं जातं याची वाट बघत.

अलीमियाँनी चहाचा शेवटचा घोट घेतला. घसा साफ केला. आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ते आयुष्यभर ज्या आवाजात बोलले, त्याच गोड आवाजात म्हणाले,

"माफ करा शेठ. आज बाजार उठला."

खटका ओढला, दिवा गेला. मग त्यांनी वडिलांचा रुमाल झटकून सेटवर पांघरला. रोज नुसता टाकत. त्या दिवसापासून ते चारी टोकं खाली ओढून घट्ट बसवतात, सपाट, सेटच्या अंगाला चिकटून. खाली हात मावणार नाही असा.